धुक्यातले कार्ड

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास चारशे सतरा नंबरचा साचा मी फोडला, आणि प्लॅस्टरमधून माझ्या मामांचे तोंड बाहेर आले.

चेहरा नव्हे. आमच्या कामात चेहरा कधी येत नाही. दंतवैद्य माणसाच्या तोंडात मऊ लगदा भरून दातांचा ठसा घेतात, तो ओल्या कापडात गुंडाळून आमच्या लॅबमध्ये येतो, आम्ही त्यात प्लॅस्टर ओततो, आणि पाऊण तासाने एक अनोळखी जबडा हातात पडतो. त्याला नाव नसते, नंबर असतो. गेली चार वर्षे मी अशी तोंडे हाताळतो आहे. फळीवर ती ओळीने मांडलेली असतात, सगळी किंचित उघडी, सगळी काहीतरी सांगण्याच्या बेतात असल्यासारखी, आणि सगळी मुकी. त्यांच्या सहवासात मला बरे वाटते. परंतु चारशे सतराच्या वरच्या रांगेत समोरच्या डाव्या दाताचा कोपरा तिरपा उडालेला होता, आणि त्याच्या शेजारचा दात जरा मागे सरकून उभा होता, गर्दीत धक्का बसून मागच्या रांगेत गेलेल्या भिडस्त माणसासारखा. तो कोपरा कसा उडाला हे मला ठाऊक होते. मामा एकोणीस वर्षांचे असताना गोलरक्षक म्हणून झेपावले आणि चेंडूऐवजी गोलखांबाला भेटले. ‘चेंडू आत गेला नाही, हे लक्षात ठेव,’ ही गोष्ट सांगताना ते दर वेळी म्हणत. शिवाय हे तोंड माझ्या ओळखीचे आणखी एका कारणाने होते. मी काम शिकत होतो तेव्हा सरावासाठी कोणी तोंड देईना. मामा मानेभोवती टॉवेल बांधून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “माझं घे. तसंही मामीपुढे ते उघडायची वेळ येत नाही.” माझ्या आयुष्यातला तो पहिला ठसा. त्याचे प्लॅस्टर अजून माझ्या खोलीतल्या खिडकीत आहे; त्याच्यावर मी किल्ली ठेवतो.

ठशासोबतच्या चिठ्ठीवर दंतवैद्यांनी लिहिले होते: ‘झोपेत दात खातात. महिना-दीड महिन्यापासून. खालच्या डाव्या दाढेचा कंगोरा तुटला आहे. रात्री घालायची पट्टी करावी. पेशंटच्या आग्रहावरून काम तुमच्याकडे पाठवत आहे.’

शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. मामांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर दुसरी लॅब आहे.

“अरे मौनीबाबा, समाधी लागली काय?” पॉलिशवाला मागून ओरडला. “इकडे ये, तुझ्या सहा गुणांचं काय झालं ते ऐक.”

तुझे सहा गुण. पाच आठवडे तो असेच म्हणत होता. लॅबमध्ये आम्ही चौघे. आमच्या सगळ्यांवर नजर ठेवणारे, पांढऱ्या मिशांचे वस्ताद, चाकावर दातांना चकाकी आणणारा पॉलिशवाला, मेणात दात रोवणाऱ्या, हाताने हलक्या आणि जिभेने जड अशा मेणताई, आणि मी. त्या तिघांचे आयुष्य यार्डवाल्यांच्या फुटबॉल क्लबभोवती फिरते. रेल्वेयार्डाच्या कुंपणाला लागून त्यांचे मैदान आहे आणि शहराचा हा अर्धा भाग त्यांचा आहे. उरलेला अर्धा बंदरवाल्यांचा. माझे मामा बंदरवाल्यांच्या क्लबचे कार्यवाह होते. सव्वीस वर्षे होते. ‘होते’ हे क्रियापद पाच आठवड्यांपूर्वी तयार झाले, आणि ते तयार करण्यात माझा हात होता. हात म्हणणे बरोबर नाही. तोंड होते.

“काय झालं?” मी विचारले. विचारायलाच हवे होते.

“नवा मॅनेजरपण हरला! तीन-शून्य!” पॉलिशवाल्याने तीन बोटे नाचवली. “मी म्हटलं नव्हतं? मॅनेजर बदलला की दोन सामने जिंकतात, मग गाडी मूळ रुळावर. ह्यांची तर रुळावर चढलीच नाही. दुसऱ्या नंबरावर मिरवत होते, आता तळाला तीनच संघ उरलेत त्यांच्या खाली.”

“जुना मॅनेजर चांगला होता,” वस्ताद म्हणाले. चष्म्याच्या वरून बघत त्यांनी निकाल दिला. “खोटं कशाला बोला. त्याचा काय दोष? कार्डं मोजणं मॅनेजरचं काम नाही.”

“मग कोणाचं? पंचाच्या बायकोचं?”

“कार्यवाहाचं. त्यांचा तो म्हातारा, पेन्सिल घेऊन बसणारा.”

“गेला ना तोही,” पॉलिशवाला म्हणाला. “सव्वीस वर्षं पेन्सिल चावली, आता दात पडले असतील.”

मामांचा जबडा माझ्या तळहातावर होता. तो अजून कोमट होता. प्लॅस्टर घट्ट होताना ऊब सोडते, थोडा वेळ ते जिवंत वाटते. मी तो फळीवर ठेवला नाही. कोठे ठेवावा ते कळेना.

“हसू नका रे,” मेणताई म्हणाल्या. “मागल्या साली आपल्या क्लबनं काय केलं? तो पोरगा दुसऱ्यांकडे करारात असताना त्याला गुपचूप हॉटेलात भेटलेच ना आपले लोक? नियमात बसत होतं? दंड झाला, तर तुम्हीच म्हणालात, काय डोकं लढवलं! आपण केलं की डोकं, त्यांनी केलं की पाप.”

“ताई, ते वेगळं.”

“सगळ्यांचं सगळं वेगळंच असतं बाबा.” मेणताईंनी तापवलेली सुरी मेणात टेकवली आणि सहज, माझ्याकडे न बघता विचारले, “पण तुला कसं रे ठाऊक होतं ते? धुक्यातल्या कार्डाचं?”

पाच आठवड्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आनंदाला उगमाची चौकशी नसते.

“वाचलं होतं,” मी म्हणालो. “नियमावलीत.”

“बघा,” वस्ताद अभिमानाने म्हणाले. “शांत माणसं वाचतात.”

मी खोटे बोलत नाही असे मला कित्येक वर्षे वाटत आले आहे. खरे म्हणजे मी बोलतच नाही, आणि त्या दोहोंतला फरक मी कधी तपासला नाही. मी लॅबमध्ये लागलो त्या पहिल्या सोमवारी पॉलिशवाल्याने मला पाठीत थाप मारून विचारले होते, “काय, काल जिंकलो की नाही?” काल यार्डवाले जिंकले होते. मी हसलो. एवढेच. त्या हसण्याने मी यार्डवाला झालो. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला यार्डच्या रंगाचा मफलर दिला आणि मी तो गळ्यात घालून घरी निघालो, बसमधून उतरण्याआधी काढून खिशात कोंबला, आणि पुढे तीन हिवाळे तसेच करत राहिलो. वास्तविक मी बंदरवाला आहे. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो, त्यानंतर प्रत्येक शनिवारी मामा मला बंदराच्या मैदानावर नेत, खेळाडूंची नावे भरायच्या कोऱ्या टीमशीटांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, “वाऱ्यानं उडू देऊ नकोस, तुझ्यावर क्लब उभा आहे.” त्या कागदांचा वास, थंडीत पायाची सुन्न झालेली बोटे, मामांच्या कोटाची खरखरीत बाही गालाला लागणे, आणि गोल झाला की त्यांचे उठून उभे न राहणे. इतर हजारो माणसे उडी मारत, मामा मान खाली घालून मिनिट लिहीत. मला वाटे, जगातला आनंद इतरांनी भोगावा आणि तो बरोबर टिपून ठेवणारा एक माणूस असावा, हीच व्यवस्था योग्य आहे. मला मोठेपणी तसा माणूस व्हायचे होते.

त्यांची पद्धत अशी होती. प्रत्येक खेळाडूसाठी पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद, आणि असे सगळे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. सामना चालू असताना त्यावर पेन्सिलीने लिहायचे: गोल, बदली, पिवळे कार्ड. आठवड्यात पंचांचा अहवाल आला की पेन्सिलीवर शाई फिरवायची. पाच पिवळी कार्डे झाली की पुढच्या सामन्याला तो खेळाडू बाहेर. सव्वीस वर्षांत एकही चूक नाही. मग या मोसमात एका शनिवारी समुद्रावरून धुके आले. एकसष्टाव्या मिनिटाला पंचांना गोलखांब दिसेनात; सामना अर्धवट सोडला गेला आणि पुढे पहिल्यापासून पुन्हा खेळवला गेला. अर्धवट सामन्यातला बंदरवाल्यांचा गोल रद्द झाला. मामांनी घरी येऊन डबा उघडला आणि त्या दिवसाची सगळी पेन्सिल रबराने पुसून टाकली. जो सामना झालाच नाही त्यातले काही उरत नाही, असे त्यांना वाटले. त्यांना असे वाटावे हे मला आजही समजते. एवढा नीटनेटका माणूस. न घडलेल्या गोष्टीची खूण त्याला ठेववली नाही.

परंतु नियम निराळा आहे. अर्धवट सामन्यातले गोल पुसले जातात. कार्डे पुसली जात नाहीत.

सात नंबरच्या खेळाडूला त्या धुक्यात एक पिवळे कार्ड मिळाले होते. ते धरून त्याची पाच झाली होती. तो बसायला हवा होता, तो यार्डवाल्यांविरुद्ध खेळला, आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यानेच गोल केला. दुसऱ्या दिवशी रविवार. मी नेहमीप्रमाणे मामांकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर मामी आत भांडी आवरत होत्या. मामांनी मला खिडकीपाशी बोलावले आणि सात नंबरचा कागद उजेडात तिरपा धरला.

“दिसतंय?”

काही दिसत नव्हते. मग दिसले. पेन्सिल पुसली गेली होती, परंतु पेन्सिलीने कागदावर पाडलेली घळ तशीच होती. एक बारीक चौकोन, मामा पिवळ्या कार्डासाठी काढत तो.

“काल घरी आल्यावर हात फिरवताना बोटाला लागलं,” मामा हळू आवाजात म्हणाले. “मग नियम काढून वाचला. माझी चूक आहे रे. निव्वळ माझी. बाकी कोणाला ठाऊक नाही. मामीलापण नाही सांगितलं.”

मी त्या चौकोनावरून बोट फिरवले.

“सात दिवसांत कोणी तक्रार केली तर सहा गुण जातील. आपणहून कळवलं तर तीन, आणि समज देऊन सोडतात. उद्या कळवून टाकू का मीच? काय वाटतं तुला?”

माझे मत त्यापूर्वी कोणी विचारले होते असे मला आठवत नाही. मामांचे डोळे माझ्यावर होते, खिडकीतला उजेड त्यांच्या कोपरा उडालेल्या दातावर होता, आणि मला एकच इच्छा झाली: त्यांचा चेहरा सैल व्हावा, आता, या क्षणी, माझ्यामुळे.

“कोणाच्या लक्षात येतंय, मामा,” मी म्हणालो.

ते थोडे हसले. “तुला सांगितलं ते बरं झालं. तुझ्या पोटात राहतं.”

ते चार दिवस राहिले. गुरुवारी दुपारी डबे उघडले होते आणि लॅबमध्ये सुतक असल्यासारखी शांतता होती. हरल्याला पाच दिवस झाले तरी पॉलिशवाल्याचा घास उतरत नव्हता. वस्ताद म्हणाले, ते आपल्यापेक्षा चांगले खेळले, विषय संपला. पॉलिशवाला म्हणाला, संपला कसा, तो सात नंबर लबाड आहे. मेणताई म्हणाल्या, लबाड असेल पण पाय सोन्याचे आहेत. मग कोणीच काही बोलेना. त्या शांततेचे वर्णन मला नीट करता येत नाही. मी आयुष्यभर शांततांमध्ये राहिलो आहे, पण त्या माझ्या असत. ही सगळ्यांची होती, मध्यभागी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीसारखी, आणि मला जाणवले की त्या खुर्चीवर बसता येण्याजोगी एकच गोष्ट या खोलीत आहे व ती माझ्यापाशी आहे. मी कोणाचे वाईट चिंतत नव्हतो. मी काहीच चिंतत नव्हतो. माझा आवाज मी बाहेरून ऐकला: “सात नंबर त्या सामन्यात खेळायलाच नको होता.”

तीन चेहरे वळले. पॉलिशवाल्याचा हात घासासकट हवेत थांबला. “काय म्हणालास?”

आणि मी सांगितले. धुके, एकसष्टावे मिनिट, गोल आणि कार्डे यांतला फरक. मी अडखळलो नाही. आयुष्यात प्रथमच माझी वाक्ये एकामागून एक पूर्ण होत होती आणि माणसे त्यांच्या शेवटाची वाट बघत होती. वस्तादांनी डबा बाजूला सारला. त्यांचे मेहुणे यार्ड क्लबच्या समितीवर आहेत हे मला ठाऊक होते. त्या क्षणी मला ते ठाऊक नव्हते असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितले, पण ठाऊक होते. शुक्रवारी संध्याकाळी तक्रार दाखल झाली. सहावा दिवस.

सातवा दिवस सरला असता तर. हे वाक्य मी या पाच आठवड्यांत इतक्या वेळा उगाळले आहे की त्याला आता माझ्याच तोंडाची चव आली आहे. आणि ते सुद्धा खरे वाक्य नव्हे. खरे वाक्य असे आहे: मी रविवारी गप्प राहायला हवे होते आणि गुरुवारीही गप्प राहायला हवे होते; मी, ज्याला गप्प राहण्यावाचून दुसरे काही येत नाही, तो नेमका त्या दोन वेळांना बोललो. रविवारी मी बोललो नसतो तर सोमवारी मामांनी स्वतः कळवले असते, तीन गुण गेले असते, आणि ते अजून पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसले असते. दोन आठवड्यांनी निकाल लागला. सहा गुण. मॅनेजरला दुसऱ्या सकाळी काढले. नवा आला तो म्हणाला, मला सगळीकडे शिस्त हवी. मामांना समितीने निरोपाचे पत्र दिले. हे मला मामींनी फोनवर सांगितले. “काही बोलत नाहीत रे ते,” त्या म्हणाल्या. “तू ये.” मी म्हणालो, येतो. रविवारी मला ताप आला. पुढच्या रविवारी जास्तीचे काम आले. तिसऱ्या रविवारी मी कारणच दिले नाही.

चारशे सतराची पट्टी करायला मी तीन दिवस लावले. एरवी दीड दिवस लागतो. आधी मी खिडकीतले जुने प्लॅस्टर कागदात गुंडाळून लॅबमध्ये आणले आणि दोन्ही जबडे शेजारी ठेवले. कंगोरा तुटलेली दाढ दिसत होतीच. पण मला सुळ्याचे टोकही बोथट झाल्यासारखे दिसले, आणि त्यावर एक नवा, सपाट झिजलेला भाग. इतक्या थोड्या दिवसांत सुळा झिजत नाही हे मला कळते. ते शिकवणारेच माझे वस्ताद आहेत. वयाने झिजले असतील. तरी मी भिंगातून बघत राहिलो, उजेडात तिरपे धरून, मामांनी तो कागद धरला होता तसे. अंधारात, मामींच्या शेजारी, एक माणूस पाठीवर झोपला आहे आणि दिवसा एक शब्दही न उच्चारलेले त्याचे तोंड आपोआप मिटते, घट्ट, आणखी घट्ट. मामी म्हणाल्या असतील, अहो, कसला आवाज येतोय? तो आवाज मी या जबड्यांत ऐकत होतो. पॉलिशच्या चाकाच्या घरघरीखालून तो मला दिवसभर येत राहिला.

शुक्रवारी दुपारी पट्टी तयार झाली. पारदर्शक, नखापेक्षा थोडी जाड. नियमाप्रमाणे ती दंतवैद्यांकडे जायची. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “तुझेच मामा ना? तूच बसवून बघ रविवारी. फार टोचलं तर माझ्याकडे पाठव.” “मामांना सांगतो,” म्हणून फोन ठेवून मी वळलो तर वस्ताद समोर होते.

“कोणाचे मामा?”

हसून वेळ मारून नेता आली असती. मला त्या हसण्याची सवय होती. ते ओठांपर्यंत आलेही.

“माझे,” मी म्हणालो. “चारशे सतरा. ते... बंदरवाल्यांचे कार्यवाह. ते माझे मामा.”

चाक फिरत होते. पॉलिशवाल्याने ते बंद केले नाही, नुसता हात मागे घेतला, आणि चाक रिकामेच घरघरत राहिले. मेणताईंनी सुरी खाली ठेवली. वस्तादांच्या चेहऱ्यावर एकामागून एक गोष्टी जुळत गेलेल्या मला दिसल्या: नियमावली, वाचणारी शांत माणसे, मेहुण्यांना केलेला फोन. मग त्यांनी चष्मा काढला आणि डगल्याच्या टोकाने तो पुसू लागले, पुसून झाला तरी पुसत राहिले.

“आणि तू?” पॉलिशवाल्याने विचारले. “तू कोणाचा?”

“बंदरचा. लहानपणापासून.”

“तीन वर्षं मफलर घालून फिरलास की रे आमचा.”

“हो.”

तो माझ्याकडे वळला. शिवी देईल असे वाटले; दिली असती तर बरे झाले असते. त्याने हात पुढे केला. “आण ती पट्टी इकडे.”

मी दिली. त्याने ती उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला, “ही काय कड आहे? गाल सोलून निघेल माणसाचा,” असे पुटपुटला, आणि चाकावरचे कापड बदलून त्याने ती पुन्हा घासायला घेतली. एका पट्टीला पाच मिनिटे पुरतात. तो अर्धा तास घासत होता.

रविवारी मामींनी दार उघडले आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “किती वाळलास. ताप उतरला ना?” कुठला ताप हे क्षणभर माझ्या लक्षात आले नाही. मामा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. रेडिओवर कुठल्याशा दूरच्या सामन्याचे समालोचन हलक्या आवाजात चालू होते, आणि त्यांच्या मांडीवर काही नव्हते. रिकाम्या मांडीवर दोन्ही हात त्यांनी असे ठेवले होते, की जणू वाऱ्याने उडेल असे काहीतरी त्यांखाली आहे.

“आलास,” ते म्हणाले. “बरं झालं. मी त्या डॉक्टरला म्हटलं, दुसऱ्या कुणाला माझं तोंड कळायचं नाही.”

मी डबी उघडली, पट्टी पाण्याखाली धरली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. त्यांनी तोंड उघडले. त्या पहिल्या ठशानंतर इतक्या जवळून त्यांना मी पाहिले नव्हते. हनुवटीवर वस्तरा चुकलेले पांढरे खुंट होते. पट्टी वरच्या दातांवर चढली, टिचकीसारखा हलका आवाज झाला. “मिटा,” मी म्हणालो. त्यांनी मिटले. “थोडा वेळ तसंच राहू द्या. सवय व्हायला हवी. बोलू नका.”

ते बोलले नाहीत. मामी आत होत्या. रेडिओवर कोणीतरी कॉर्नर घेत होते. मामा माझ्याकडे बघत बसले, ओठ मिटलेले, आणि मला कळले की आता या खोलीत बोलू शकणारा मी एकटा आहे.

“मामा,” मी म्हणालो. “तो कागद. मी सांगितलं. लॅबमध्ये. जेवताना. कोणी विचारलंही नव्हतं.”

मला आणखी सांगायचे होते. ती रिकामी खुर्ची, वळलेले तीन चेहरे, तो मफलर. परंतु प्रत्येक पुढचे वाक्य मनात येताच क्षमेची याचना होऊन जात होते, आणि तेवढा निर्लज्ज मी होऊ शकलो नाही. मामांचा चेहरा बदलला नाही. मी त्याची वाट पाहिली. त्यांच्या पापण्या दोनदा मिटल्या. मग त्यांनी दोन बोटांनी पट्टी काढली, रुमालात धरली, आणि जबडा डावीकडून उजवीकडे हलवून बघितला.

“उजवीकडे टोचतंय,” ते म्हणाले.

मी पिशवीतून निळा कागद काढला. कुठे जास्त दाब पडतो ते बघण्यासाठी तो दातांत धरायचा असतो. जिथे टोचते तिथे निळा ठिपका उमटतो. त्यांनी पट्टी चढवली, कागद चावला, पट्टी काढून माझ्या हातात दिली. ठिपका होता. मी बारीक कानशीने घासू लागलो. पांढरी भुकटी माझ्या गुडघ्यावर पडत होती.

“समितीनं विचारलं होतं,” मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “लेखी घेतलं सगळं. चूक कधी कळली? रविवारी, म्हटलं. का कळवली नाही? भ्यायलो, म्हटलं. मग म्हणाले, अजून कोणाला ठाऊक होतं?” त्यांनी रुमालाची घडी घातली. “नाही म्हटलं. सव्वीस वर्षांत तेवढं एक खोटं लिहून दिलं त्यांना.”

मी कानस खाली ठेवली. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मामींचे फोन, माझा ताप, माझे जास्तीचे काम, ते सगळे ऐकत ते या खुर्चीत बसून होते. पाच रविवार. आणि मग त्यांनी दंतवैद्यांना माझ्या लॅबचे नाव सांगितले.

“त्या दिवशी तू तसं म्हणाला नसतास तरी मी कळवलं नसतं कदाचित,” ते म्हणाले. “कदाचित कळवलं असतं. आता ते काही सांगता येत नाही.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. माया होती असेही मला म्हणवत नाही. मिनिट टिपताना असायचा तसा तो आवाज होता. “सात नंबरच्या मनाला फार लागलं रे. काल येऊन गेला. रडत होता.”

आतून मामींनी चहा ठेवू का विचारले. मामा म्हणाले, ठेव. मग तोंड उघडून ते माझ्याकडे वळले. मी पट्टी चढवली, निळा कागद ठेवला.

“चावा.”

त्यांनी चावले. मी पट्टी काढून उजेडात तिरपी धरली.

“आता?” त्यांनी विचारले.

“अजून आहे थोडं,” मी म्हणालो. निळा ठिपका त्याच जागी होता. मी पुन्हा घासायला घेतले.